तारामतीची वाट : दुर्गा खोटे

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लोकांपुढे आणला, तेव्हा त्यांच्या मार्गात अडचणी थोड्या नव्हत्या. यंत्रांची अडचण होती, पैशाची तर त्याहूनही मोठी होती. परंतु बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या हरहुन्नरी गृहस्थाने यंत्र परदेशातून आणले, फिल्म धुण्याची विद्या हस्तगत केली आणि पैशाचीही कशीबशी तोंडमिळवणी केली. एक अडचण मात्र त्यांच्या सर्व हुन्नराला पुरून उरली. राणी तारामतीचे काम करावयास एकही स्त्री मिळेना. ज्या स्त्रियांना समाजाने आधीच आपल्या उंबरठ्याबाहेर काढले होते, त्यांनीदेखील पडद्यावर दिसण्यास नकार दिला. अखेरीस एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून फाळक्यांनी आपली तारामती उभी केली.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी हरिश्चंद्राची तीच कथा पुन्हा पडद्यावर आली, आणि या वेळी ती बोलत होती, गात होती. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील तारामती ही मुंबईच्या एका सॉलिसिटराची, महाविद्यालयात शिकलेली कन्या होती, श्रीमंत घराण्याची सून होती आणि दोन मुलांची आई होती. त्यांचे नाव दुर्गा खोटे.

एका तारामतीपासून दुसऱ्या तारामतीपर्यंतचे हे अंतर पाहिले म्हणजे दुर्गाबाईंविषयी नेहमी काढले जाणारे उद्गार ओठांवर येतात. घरंदाज स्त्रीने चित्रपटात पाऊल टाकले आणि इतरांसाठी दार उघडले, असे ते उद्गार. ते खोटे नाहीत. पण अपुरे आहेत. त्या वाक्यात दोन गोष्टी सांगावयाच्या राहून जातात. दुर्गाबाईंच्या जीवनाचे मर्म त्या राहिलेल्या गोष्टींतच आहे.

पहिली गोष्ट अशी की, दुर्गाबाई या काही पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्री नव्हेत. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहानगी मुलगी कमला, म्हणजे पुढे कमलाबाई गोखले म्हणून प्रसिद्धीस आलेल्या अभिनेत्री, या मायलेकींनी कामे केली होती. मूकपटांच्या काळात आणखी कितीतरी स्त्रिया आल्या आणि लोकांचे टोमणे सोसून काम करीत राहिल्या. त्यांच्या पाठीशी ना नामांकित घराणे होते, ना महाविद्यालयीन शिक्षण. म्हणून त्यांच्या धैर्याची नोंद कोणी प्रतिष्ठेच्या वहीत केली नाही. 'घरंदाज' या शब्दाने एकीचा गौरव करताना आपण नकळत अनेकींचा अवमान करीत असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. दुर्गाबाईंचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी त्या अवमानाची मुळीच गरज नाही.

दुसरी गोष्ट अशी की, दुर्गाबाई या क्षेत्रात आल्या त्या कोणते दार उघडावयाचे म्हणून नव्हे. त्या आल्या त्या गरज पडली म्हणून.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी झाला. माहेर लाडांचे. हे घराणे मूळचे गोमंतकीय, आणि घरात कोकणी बोलली जाई. वडील पांडुरंगराव हे मुंबईतील सॉलिसिटर. घर सुधारलेल्या विचारांचे असल्यामुळे मुलीला कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात शिकता आले. त्या काळी मुलीने महाविद्यालयाची पायरी चढणे हीच नवलाची गोष्ट होती. ऐन विशीच्या उंबरठ्यावर विश्वनाथ खोटे या अभियंत्याशी विवाह झाला. खोटे घराणे मोठे आणि पैसेवाले. रीतीप्रमाणे पाहिले तर येथे या मुलीची कहाणी सुखाने संपावयास हवी होती.

पण लक्ष्मी चंचल असते, हे सुभाषित पाठ करणे वेगळे आणि तिचे पाठ फिरवणे डोळ्यांदेखत पाहणे वेगळे. सासरचे वैभव ओसरले. पदरी बकुल आणि हरिन हे दोन लहान मुलगे. तारुण्यातच वैधव्यही वाट्याला आले. त्या काळातील सुशिक्षित स्त्रीचीदेखील अशा प्रसंगी मोठी कुचंबणा होत असे. तिला पुस्तके वाचता येत, इंग्रजी बोलता येई, चार माणसांत वागता येई. पण या सर्वांचे रुपये कसे होतात, हे मात्र तिला कोणी शिकविलेले नसे. माहेरचा आधार घ्यावा, तर मिंधेपणा. सासरी राहावे, तर ओझे. स्वतःच्या मुलांना स्वतःच्या कमाईवर वाढवावयाचे, एवढाच निर्धार या तरुण आईपाशी होता.

अशा वेळी मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटातील एक लहानसे काम चालून आले. ते साल १९३१. बोलपटाचा जमाना नुकताच सुरू झाला होता, आणि मुळात मूक असलेल्या या चित्रपटाला काही बोलक्या प्रसंगांची जोड देण्यात आली होती. काम चार-दोन मिनिटांचे; पण बोभाटा झाला तो मात्र मोठा. अमक्या घरची मुलगी आणि तमक्या घरची सून सिनेमात नाचली, असा गवगवा होण्यास तेवढे पुरेसे होते. चित्रपट सामान्य, त्यामुळे कलेचे समाधान नाही. आणि लोकापवाद असा की, घराबाहेर तोंड दाखविणे कठीण व्हावे. बहुतेक स्त्रियांची चित्रपटातील वाटचाल येथेच संपली असती.

परंतु त्याच लहानशा कामावर शांतारामांची दृष्टी गेली, आणि तारामतीच्या भूमिकेसाठी विचारणा झाली. एका अर्थी ही दुर्गाबाईंची सत्त्वपरीक्षाच होती. तोंड पोळल्यावर पुन्हा त्याच वाटेने जावयाचे की नाही? त्या गेल्या. मुंबईच्या ऐषारामात वाढलेली ही स्त्री कोल्हापुरास जाऊन राहिली आणि प्रभातच्या कडक शिस्तीत उभी राहून नवी विद्या शिकू लागली.

ती विद्या सोपी नव्हती. पार्श्वगायनाची सोय तेव्हा निघावयाची होती. कॅमेऱ्यासमोर उभे राहून अभिनय करावयाचा, शब्द स्वच्छ उच्चारावयाचे आणि गाणेही त्याच क्षणी स्वतःच्याच गळ्याने गावयाचे, असा तो तिहेरी व्यवहार होता. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे यांच्यासारखे मुरलेले गायक नट, संगीतही त्यांचेच. अशा जाणत्यांच्या मेळाव्यात ही नवखी तारामती शोभून दिसली, याचे रहस्य काय असावे? राज्य गेलेली, नवऱ्यापासून आणि मुलापासून दुरावलेली, दुसऱ्याच्या घरी राबावे लागले तरी ताठ मानेने उभी राहणारी राणी तिला साकार करावयाची होती. दुर्गाबाईंना त्यासाठी पुराण उघडावे लागले नसावे. वैभव ओसरल्यावर उरते ते काय, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक झाले होते.

'अयोध्येचा राजा' हिंदीतही निघाला आणि दुर्गाबाईंचे नाव महाराष्ट्राबाहेर गेले. त्याच वर्षी प्रभातच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये पाळीव चित्त्यासह वावरणारी स्त्रीराज्याची राणी त्यांनी उभी केली. कालची सोशिक तारामती ती हीच, हे प्रेक्षकांना खरे वाटू नये इतका त्या राणीचा तोरा होता.

यापुढे त्यांनी जो निर्णय घेतला, तो भूमिकांइतकाच महत्त्वाचा होय. त्या काळी नटनटी म्हणजे चित्रपट संस्थांचे मासिक पगारी नोकर असत. संस्था सांगेल ते काम, संस्था ठरवील तो पगार, आणि बाहेर काम करावयाचे तर मुभा नाही. दुर्गाबाईंनी हे बंधन फार काळ मानले नाही. चित्रपटागणिक करार करून जेथे चांगले काम असेल तेथे जाणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. कलकत्त्यास जाऊन त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली १९३३ साली 'राजरानी मीरा' आणि १९३४ साली 'सीता' हे चित्रपट केले. 'सीता'मध्ये रामाचे काम पृथ्वीराज कपूर यांचे होते. हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला आणि भारतीय बोलपटाचे नाव परदेशी पोहोचले. पण या कीर्तीपेक्षाही दुर्गाबाईंच्या लेखी मोलाची होती ती आपल्या कामाची किंमत आपण ठरविण्याची सत्ता. दोन मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी जिच्यावर आहे, तिला स्वातंत्र्य ही बोलण्याची वस्तू नसते, महिन्याच्या हिशेबातली बाब असते.

१९३६ साली त्या पुन्हा प्रभातकडे आल्या. कंपनी तोवर कोल्हापूर सोडून पुण्यास आली होती. 'अमर ज्योती' या चित्रपटात शांतारामांनी त्यांना सौदामिनीची भूमिका दिली. सौदामिनी ही समुद्रावर लूटमार करणारी चाचेगिरीची राणी. तिने हा मार्ग का धरला? कायद्याने तिला तिच्या पोटच्या मुलाचा ताबा नाकारला म्हणून. आईला मुलावर हक्क नाही असे सांगणाऱ्या राज्याविरुद्ध ती उभी राहते. कथा कल्पित, समुद्र कल्पित आणि राज्यही कल्पित. पण प्रेक्षागृहात बसलेल्या स्त्रियांना त्यातील दुःख कल्पित वाटण्याचे कारण नव्हते. सौदामिनीची चीड दुर्गाबाईंच्या डोळ्यांत जशी उतरली, तशी ती केवळ अभिनयाच्या तालमीने उतरती असे म्हणवत नाही. हाही चित्रपट व्हेनिसला गेला. पुढच्याच वर्षी 'साथी' या चित्रपटाच्या द्वारा त्यांनी निर्मितीच्या क्षेत्रातही प्रवेश केला. स्त्रीने पडद्यावर दिसणेच जेथे अजून वादाचा विषय होते, तेथे स्त्रीने चित्रपट काढणे हे केवढे धाडस!

रूपवान अभिनेत्रीला सर्वांत कठीण जाते ते वाढत्या वयाशी तह करणे. नायिकेचे सिंहासन सुटू नये म्हणून किती खटाटोप केले जातात, ते रसिकांस ठाऊक आहे. दुर्गाबाईंनी हा तह फार लवकर आणि फार उमदेपणाने केला. एके काळची सीता १९४२ सालच्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी झाली. त्याच्या आदल्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'मध्ये त्यांनी खाष्ट सासूची भूमिका केली. त्यातील सून होत्या ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यातील वनमालाबाई. घराघरांत सुनांचा छळ होत होता, त्याच घरांतील प्रेक्षकांपुढे तो छळ मांडावयाचा तर सासू अशी हवी की, तिला पाहून सुनेला आपली सासू आठवावी आणि सासूने चोरून मान खाली घालावी. लोकांच्या तिरस्काराला पात्र होण्याची तयारी असल्याखेरीज असे काम होत नाही. 'पायाची दासी'ची हिंदी आवृत्ती 'चरणों की दासी' आणि 'भरत मिलाप' या दोन चित्रपटांतील कामांबद्दल बंगालच्या चित्रपट पत्रकारांनी त्यांना गौरविले.

आपल्याकडील नटांची नेहमीची वाट रंगभूमीवरून चित्रपटाकडे जाते. दुर्गाबाई उलट्या दिशेने चालल्या. चित्रपटात नाव, पैसा आणि मान मिळाल्यानंतर त्या रंगभूमीकडे वळल्या. इप्टा या लोकनाट्य चळवळीशी त्यांचा संबंध आला आणि मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यशाखेत तर त्या हिरिरीने काम करू लागल्या. बोलपटांच्या लाटेत मराठी नाटक बुडाले, अशी हाकाटी ज्या काळात चालली होती, त्या काळात बोलपटाची एक विख्यात नटी नाटकाच्या तालमींना नियमाने येऊन बसत होती. नाटकात पैसा थोडा आणि कष्ट फार. चुकलेले वाक्य पुन्हा घेण्याची सोय नाही, दिव्यांची आणि कॅमेऱ्याची कृपा नाही, शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत आवाज स्वतःच्या छातीच्या जोरावर पोहोचवावयाचा. ही परीक्षा त्यांनी आपण होऊन मागून घेतली.

खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त नानासाहेब फाटक राघोबादादा आणि दुर्गाबाई आनंदीबाई, हा योग पाहणाऱ्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिला. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई मराठी माणसाच्या मनात केव्हाच दोषी ठरलेली आहे. अशा पात्राला नुसते दुष्ट दाखविणे सोपे असते. दुर्गाबाईंची आनंदीबाई मानी होती, बुद्धिमान होती, आणि म्हणूनच अधिक भयंकर होती. पुढे १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' लिहिले, तेव्हा मॅकबेथच्या पत्नीच्या जातीची भूमिका दुर्गाबाईंकडेच येणे क्रमप्राप्त होते. नवऱ्याच्या मनातील सुप्त हाव जागी करणारी आणि पुढे स्वतःच्याच मनाखाली चिरडली जाणारी ही स्त्री उभी करण्यास लागणारा अधिकार त्यांच्या आवाजात आणि चालण्यात होता. संगीत नाटक अकादमीने १९५८ साली त्यांचा सन्मान केला. १९६१ साली दिल्ली येथे भरलेल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. ज्या रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पिढ्यानुपिढ्या पुरुष करीत आले, तिच्या संमेलनाच्या अध्यक्षस्थानी एक अभिनेत्री बसली, ही घटना लहान नव्हे.

१९६० साली 'मुगल-ए-आझम' प्रदर्शित झाला. त्यात अकबराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर आणि जोधाबाईच्या भूमिकेत दुर्गाबाई. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम आणि सीता आता वृद्ध होऊन सम्राट आणि सम्राज्ञी म्हणून आमनेसामने आले. एकीकडे राज्याचा न्याय, दुसरीकडे पोटचा मुलगा, आणि मध्ये उभी असलेली ती आई. या चित्रपटातील भव्य महाल आणि लढाया डोळे दिपवितात खरे. पण त्या झगमगाटात माणसाच्या काळजाची धडधड ऐकू येते ती बऱ्याच अंशी या आईमुळे. तारामती, सौदामिनी आणि जोधाबाई ही तिन्ही पात्रे शेजारी ठेवून पाहिली तर एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला गेल्याचे दिसते. राज्याचा नियम आणि आईचे काळीज यांचा तंटा तोडावयाचा कोणी?

त्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही. १९६३ साली जेम्स आयव्हरी यांच्या 'द हाउसहोल्डर' या इंग्रजी चित्रपटात त्यांनी आईचे काम केले. १९७३ सालच्या 'बॉबी'मध्ये त्या गोमंतकीय ख्रिस्ती वृद्धा मिसेस ब्रगँझा झाल्या. त्या साध्या, प्रेमळ म्हातारीला पाहून गोव्याच्या प्रेक्षकांना ती आपल्या वाड्यातलीच कोणी वाटली असल्यास नवल नाही. १९७४ सालच्या 'बिदाई'मधील भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांनी सत्तरीच्या घरात पाऊल टाकले होते. सुमारे पन्नास वर्षांत सुमारे दोनशे चित्रपट, हा हिशेब सोपा नव्हे.

कलेच्या यशाने आयुष्यातील सर्व दुःखे फिटतात, असा समज करून घेण्याचे कारण नाही. ज्या मुलांसाठी त्यांनी हा सारा व्याप मांडला, त्यांपैकी धाकटे हरिन यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या पत्नी विजयाबाई पुढे विजया मेहता या नावाने मराठी रंगभूमीच्या श्रेष्ठ दिग्दर्शिका म्हणून मान्यता पावल्या. पुत्रवियोगासारख्या घावानंतरही दुर्गाबाई कामाला चिकटून राहिल्या. काम हेच त्यांचे औषध होते. १९५२ साली त्यांनी लघुपट आणि जाहिरातपट काढण्याची संस्था उभारली होती. तिचा व्याप वाढत जाऊन पुढे दूरदर्शनवर १९८८ साली गाजलेली 'वागले की दुनिया' ही मालिका 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स'तर्फे निघाली. मध्यमवर्गीय कारकुनाच्या रोजच्या अडचणींची ती हसरी कथा. रुपयाची किंमत ज्या स्त्रीने अडचणीच्या दिवसांत ओळखली होती, तिच्या संस्थेने वागल्यांचा संसार घरोघर पोहोचवावा, यात एक औचित्य आहे.

१९८२ साली 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. शेवटची वर्षे त्यांनी अलिबाग येथे काढली आणि २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. १९६८ साली पद्मश्री मिळाली होती. पण सर्व सन्मानांत अर्थपूर्ण ठरला तो १९८३ सालचा. त्या वर्षीचा दादासाहेब फाळके पुरस्कार दुर्गा खोटे यांना देण्यात आला.

१९१३ आणि १९८३. मध्ये बरोबर सत्तर वर्षे. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी साऱ्या मुंबईत एक स्त्री मिळाली नाही, त्यांच्याच नावाचा देशातील सर्वोच्च चित्रपट पुरस्कार एका तारामतीच्या हाती आला. या सत्तर वर्षांत लोकांची दृष्टी बदलली ती आपोआप नव्हे. ज्यांची नावे आज कोणी घेत नाही अशा अनेकींनी आपली अब्रू पणाला लावून ती बदलविली. आणि त्यांत दुर्गाबाईंनी हेही दाखवून दिले की, गरजेपोटी पत्करलेले काम निष्ठेने केले तर त्याला व्रताची थोरवी येते. घराण्यामुळे कामाला प्रतिष्ठा येते, असे लोक १९३१ साली समजत होते. दुर्गाबाईंच्या आयुष्याने त्याचा उलटा क्रम शिकविला. प्रतिष्ठा कामातून येते, आणि मग खोटे हे नाव कोणत्या घराण्याचे, असे विचारले असता लोक म्हणू लागतात, दुर्गाबाईंचे.